वायव्येचा तापता वारा, भंडारदऱ्याचे पाणी आणि आपला ऊस



शिमगा जवळ आला की आपल्या प्रवरेच्या खोऱ्यात हवा फिरते. पहाटे पांघरूण ओढावेसे वाटते आणि दुपारी बारानंतर बांधावर उभे राहवत नाही. 'होळी जळाली, थंडी पळाली' ही जुनी म्हण आपण सगळेच म्हणतो. पण अलीकडे थंडी होळीची वाट पाहत नाही. मार्च २०२२ मध्ये देशाचे सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या नोंदीत त्या महिन्यासाठी सर्वांत जास्त ठरले. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, तोच विक्रम फेब्रुवारी महिन्याने केला. म्हणजे ज्या दिवसांत उसाला पंधरा-अठरा दिवसांनी पाणी दिले तरी चालत असे, त्याच दिवसांत आता आठव्या-दहाव्या दिवशी सरी भेगाळू लागली आहे.

या उन्हाच्या जोडीला वारा असतो. नुसते ऊन पीक सोसते, पण कोरडा वारा सुटला की पान दुपारीच सुरळी धरते. हा वारा कोठून येतो, किती दिवस राहतो, त्याने पाण्याचा हिशेब कसा बिघडतो आणि आपल्या हातात काय आहे, याचा विचार हंगामाच्या तोंडावरच झालेला बरा. त्यासाठी हा लेख.

हा वारा येतो कोठून?

आपल्या खोऱ्यापासून वायव्येला सुमारे साडेआठशे किलोमीटरवर जैसलमेर आहे. थरचे वाळवंट तेथे पसरले असून ते राजस्थानातून पलीकडे सिंधपर्यंत आणि अलीकडे गुजरातच्या कडेपर्यंत जाते. मार्चमध्ये सूर्य विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे सरकतो. तिकडची जमीन कोरडी, झाडी विरळ. ओल नसलेली जमीन लवकर तापते, हे आपल्या पडीक रानात अनवाणी चालून पाहिले तरी कळते. त्या तापलेल्या जमिनीवरून येणारी हवा तापलेली आणि कोरडी असते. गुजरात, राजस्थान आणि मध्य भारतावर हवेचा दाब वाढला की वरची हवा खाली दबते, दबताना आणखी तापते, आणि वायव्येकडून खानदेशमार्गे आपल्याकडे वाहू लागते. आकाश निरभ्र, ढगाचा ठिपका नाही, आणि दुपारी तोंडावर भट्टीची झळ. ही त्या वाऱ्याची ओळख.

आता एक प्रश्न हमखास विचारला जातो. 'अण्णा, सकाळी पान हालत नाही आणि दुपारी एकदम वावटळ कशी उठते?' याचे कारण जमिनीतच आहे. सकाळी जमिनीलगतची हवा थंड व जड असते, ती जागची हालत नाही. त्या वेळी वरच्या थरात वारा वाहतच असतो, पण तो खाली पोहोचत नाही. दहा-अकरानंतर जमीन तापली की खालची हवा वर उसळते आणि वरचा वेगवान वारा खाली येतो. त्यामुळे दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान झोत जोरात लागतात आणि दिवस मावळला की सगळे शांत होते. तुषार सिंचन किंवा फवारणी सकाळी लवकर अथवा सांजेला करा, असे शेतकी खाते सांगते त्यामागे हेच कारण आहे.

असा वारा काही एकट्या आपल्या नशिबी आलेला नाही. इजिप्तमध्ये वसंत ऋतूत वाळवंटातून धुळीचा तापता वारा येतो, त्याला 'खमसीन' म्हणतात. खमसीन म्हणजे पन्नास. साधारण पन्नास दिवसांच्या काळात तो अधूनमधून येतो, म्हणून हे नाव पडले. त्याच देशाच्या दक्षिण भागात नाईल नदीच्या काठी धरणाच्या पाण्यावर ऊस पिकतो. आपल्यासारखेच ते लोकही वाळवंटाचा वारा आणि नदीचे पाणी यांच्यामध्ये उभे आहेत.

वाळवंटाची धूळ दारात आली तो दिवस

वाळवंट इतके लांब, त्याची धूळ आपल्यापर्यंत कशी यावी, असे कोणास वाटेल. त्यांनी २३ जानेवारी २०२२ चा रविवार आठवावा. पश्चिमेकडून आलेल्या हवेच्या एका प्रणालीमागे पाकिस्तानात कराचीच्या बाजूला जोराचे वारे सुटले, धुळीचे लोट उठले आणि ते गुजरात, अरबी समुद्रावरून थेट मुंबई-पुण्यापर्यंत आले. दिवसभर सूर्य फिकट दिसत होता. उभ्या मोटारगाड्यांवर पांढुरकी भुकटी बसली. धुळीने ऊन अडवल्यामुळे मुंबईचे कमाल तापमान त्या दिवशी चोवीस अंशांच्या आत राहिले.

इराण-अफगाणिस्तानकडून भारताच्या उत्तरेस येणाऱ्या या प्रणालींना हवामानशास्त्रात 'पश्चिमी विक्षोभ' म्हणतात. हिवाळ्यात त्या हिमालयात बर्फ पाडतात आणि पंजाबच्या गव्हाला पाऊस देतात. त्या मागे सरकल्या की वायव्येचा वारा खाली धावतो. जानेवारीत तो थंडी आणि धूळ आणतो. मार्च-एप्रिलमध्ये त्याच दिशेने झळा येतात. वारा तोच, फक्त ज्या जमिनीवरून तो येतो ती तापलेली असते.

धुळीचा पातळ थर पानावर बसला तर त्याने ऊस मरत नाही, पण पानाचे काम मंदावते आणि कोरड्या धुळकट हवेत कोळीसारख्या किडींना फावते. ज्यांच्याकडे तुषार संच आहे त्यांनी असे धुळीचे दिवस गेल्यावर एकदा पान धुऊन घेतले तर चांगलेच.

शिमग्यापासून रोहिणीपर्यंत

आपल्या भागापुरता हंगामाचा साधारण चेहरा असा असतो.

फेब्रुवारीच्या उत्तरार्धात दिवस तापतो, पण रात्र थंड राहते. दिवस आणि रात्र यांच्यातला हा फरक पक्व उसाला मानवतो. साखर भरते. म्हणूनच गाळपाचा चांगला उतारा जानेवारीपासून मार्चच्या पूर्वार्धापर्यंत मिळतो.

मार्चमध्ये वाऱ्याची दिशा एकसारखी राहत नाही. चार दिवस वायव्येचा कोरडा वारा, मग दोन दिवस दमट पूर्वेचा. बंगालच्या उपसागराकडची ओलसर हवा आणि वायव्येची कोरडी हवा यांची गाठ विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकापर्यंतच्या पट्ट्यात पडते, आणि तेथे वीज, वादळ व गारा होतात. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्च २०१४ च्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात जी गारपीट झाली ती अनेकांच्या डोळ्यांसमोर असेल. द्राक्षे, कांदा, गहू, डाळिंब यांची माती झाली. उसाची पाने फाटली, पण ऊस जमिनीतून पुन्हा उभा राहतो. बाकीच्या पिकांना ती संधी नसते.

एप्रिल आणि मे हे खरे तापाचे महिने. रात्रीही उकडते. वाढत्या उसाला ऊब हवी असते हे खरे. पाणी हाताशी असेल तर सुरू उसाला याच दिवसांत फुटवे चांगले येतात. पण तापमान ३८ अंशांच्या वर गेले की पानाची अन्न तयार करण्याची क्रिया मंदावते आणि श्वसनात साखर खर्च होते. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात वारा पश्चिमेकडे वळतो, अरबी समुद्राची ओल घाटमाथ्यावर चढू लागते, दुपारी कळसूबाई-रतनगडाच्या माथ्यावर ढग धरतात. त्याच सुमारास भंडारदऱ्याच्या रानात झाडांवर काजवे दिसू लागतात. रोहिणी नक्षत्र निघाले आणि काजवे चमकले की डोंगरातली माणसे म्हणतात, आता पाऊस दारात आला.

वेधशाळेचा अंदाज कसा वाचावा

भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. पुण्याच्या शिवाजीनगरची वेधशाळा आपल्याला जवळची. दरवर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस हे खाते मार्च ते मे या तीन महिन्यांचा उन्हाळी अंदाज जाहीर करते. तो वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, त्यात 'सरासरीपेक्षा जास्त तापमानाची शक्यता' असे म्हटलेले असते. ती शक्यता आहे, वचन नव्हे. आणि ती मोठ्या प्रदेशासाठी असते, आपल्या गटासाठी नव्हे. अशा अंदाजावरून लागणीचे क्षेत्र आणि पाण्याची तरतूद ठरवावी. रोजचे काम ठरवायचे ते पाच दिवसांच्या अंदाजावरून. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून ग्रामीण कृषी हवामान सेवेचा सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी मिळतो. मोबाईलवर 'मेघदूत' आहे, विजेच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी' आहे. घरातल्या शिकत्या मुला-मुलींना एवढे काम सांगावे.

दुसरी गोष्ट 'उष्णतेची लाट' या शब्दाची. सपाट प्रदेशात कमाल तापमान निदान ४० अंश असावे आणि ते त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असावे, तेव्हा लाट म्हणतात. किंवा पारा थेट ४५ अंशांवर गेला तर. आपल्याकडे एप्रिल-मेची सरासरीच अडतीस-एकोणचाळीसच्या घरात असते. म्हणजे पारा त्रेचाळीसच्या पुढे जाईपर्यंत लाट जाहीर होत नाही. पण ४० अंश आणि त्यावर कोरडा वारा, एवढ्यानेच उसाचे हाल सुरू होतात. लाट जाहीर झाली नाही म्हणून पीक सुखात आहे, असा अर्थ घेऊ नये. शिवाय वेधशाळेचे तापमान सावलीतले, पांढऱ्या झडपांच्या पेटीतले असते. उघड्या सरीतली माती त्याहून कितीतरी जास्त तापते.

भंडारदरा : हिशेबाचे पाणी

आता मूळ विषयाकडे येऊ. आपला ऊस ज्यावर उभा आहे ते पाणी भंडारदऱ्याचे. रतनगडाच्या पायथ्याशी उगम पावणाऱ्या प्रवरेवर १९१० साली या धरणाचे काम सुरू झाले आणि १९२६ साली ते पूर्ण झाले. दगडी बांधकाम, उंची सुमारे ८२ मीटर, साठा ११ अब्ज घनफुटांच्या आसपास. त्या वेळच्या मुंबईच्या गव्हर्नरांवरून त्याला विल्सन धरण म्हणत. ओझरच्या बंधाऱ्यातून डावा आणि उजवा पाट निघाला आणि खालच्या दुष्काळी रानात बागायत आली. याच पाण्यावर पुढे लोणीला पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि सहकाराची ही चळवळ राज्यभर पसरली. निळवंडे धरणाचा सव्वाआठ अब्ज घनफुटांचा साठा नंतर जोडीला आला, आणि २०२३ साली त्याच्या डाव्या कालव्यात पाणी खेळले.

निसर्गाची तऱ्हा पाहा. घाटघरला चांगल्या वर्षी पाच हजार मिलिमीटरवर पाऊस कोसळतो, आणि त्याच नदीच्या खालच्या अंगाला राहुरीला वर्षाचे जेमतेम पाचशे-सव्वापाचशे. वर पाऊस आणि खाली ऊन, यांना जोडणारा दुवा म्हणजे हे धरण. त्यामुळे उन्हाळा तापला की पहिला प्रश्न येतो, 'पाटाला पाणी कधी सुटणार?'

वाऱ्याचा आणि पाण्याचा हिशेब सोपा आहे. उघड्या पाण्यावरून दिवसाला किती पाणी उडून जाते ते मिलिमीटरमध्ये मोजतात. धरणाच्या पाण्यावर उन्हाळ्यात दिवसाला ८ मिलिमीटर धरले, तर नव्वद दिवसांत ७२ सेंटिमीटर होतात. एक चौरस किलोमीटर पाण्यावरून एवढे पाणी गेले तर ते २५ दशलक्ष घनफूट होते. हे पाणी कोणाच्याच शेतात जात नाही, कोणाच्याही घागरीत पडत नाही. वारा ते घेऊन जातो.

आता शेताचा हिशेब करू. मुळांच्या कक्षेत उसाला सहज घेता येईल असे ६० मिलिमीटर पाणी मध्यम जमिनीत मावते असे धरा. हिवाळ्याच्या शेवटी पीक दिवसाला ५ मिलिमीटर पाणी पीत असेल, तर ते बारा दिवस पुरते. कोरडा वारा सुटून हीच मागणी १० मिलिमीटरवर गेली, की तेच पाणी सहा दिवसांत संपते. एका एकरावर १० मिलिमीटर म्हणजे सुमारे ४० हजार लिटर पाणी, तेही एका दिवसात. आणि पाटाच्या दोन आवर्तनांत अंतर असते महिन्याचे किंवा त्याहून अधिक. मधली तूट विहिरीने आणि बोअरने भरून काढायची असते. ज्यांच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी नाही, त्यांच्या उसाचे भवितव्य येथेच ठरते.

आणखी एक गोष्ट सभासदांनी नजरेआड करू नये. हे पाणी केवळ आपले राहिलेले नाही. २००५ च्या कायद्याने खोऱ्यातील पाण्याचे समन्यायी वाटप करण्याची तरतूद केली. २०२३ साली पावसाने दगा दिला तेव्हा नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीसाठी ८.६ अब्ज घनफूट पाणी सोडण्याचा आदेश निघाला, त्यात प्रवरा खोऱ्याचाही वाटा होता. त्यावर वाद झाले, मोर्चे निघाले, न्यायालयाची पायरी चढावी लागली. आपल्या हक्काच्या पाण्यासाठी संघटितपणे बोलले पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण पैठणच्या खालच्या शेतकऱ्यालाही हाच वारा लागतो आणि त्याचेही लेकरू पाणी पिते. अशा वेळी 'आम्ही आमचे पाणी वाया घालवत नाही' हे छातीठोकपणे सांगता आले, तरच आपल्या मागणीला वजन येते. पाटाचे पाणी रात्री मोकळे सोडून घरी झोपायला जाणारा एक माणूस सगळ्या गटाची बाजू लंगडी करतो.

पाणी कमी लागावे म्हणून काय करावे

विसाव्या शतकाच्या आरंभी सर विश्वेश्वरय्यांनी दख्खनच्या कालव्यांवर ब्लॉक पद्धत आणली. कमी पाण्यात जास्त लोकांचे भागावे, हा तिचा हेतू होता. हेतू आजही तोच आहे, साधने मात्र वाढली आहेत.

लागणीचा काळ पाळा. सुरू उसाची लागण १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी अशी शिफारस आहे. मार्चमध्ये उरकलेली लागण उगवताच झळांच्या तोंडी सापडते, फुटवे मरतात, खोडकीड धरते. पाण्याची खात्री नसेल तर उशिराची लागण करू नये, तीच जमीन पावसाळ्यात आडसालीसाठी तयार करावी. मात्र आडसाली उसाला एकूण पाणी जास्त लागते. सुरू उसाला हेक्टरी सुमारे २५० सेंटिमीटर, तर आडसालीला ३५० पर्यंत. तेव्हा क्षेत्र पाण्याकडे पाहून ठरवावे, शेजाऱ्याकडे पाहून नव्हे.

पाचट जाळू नका. हे दरवर्षी सांगितले जाते आणि दरवर्षी सायंकाळी धूर दिसतो. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघते. ते सरीत पसरले तर माती झाकली जाते, ऊन आणि वारा मातीला लागत नाही, आणि दोन पाळ्यांमधले अंतर वाढवता येते. टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. पावसाळ्यापर्यंत त्याचे खत होते. पाचट जाळल्याने रान मोकळे दिसते, पण उघडी माती त्या वायव्येच्या वाऱ्याच्या स्वाधीन होते.

ठिबकाचा विचार करा. ठिबकाने पाण्यात चाळीस ते पन्नास टक्के बचत होते. ज्यांना शक्य नाही त्यांनी एक आड एक सरी भिजवावी. पाण्याचा ताण असताना हे फार उपयोगी पडते, कारण निम्म्या पाण्यात निदान ऊस जगतो.

ताण पडणारच असेल तर तयारी आधी करा. पाणी लांबणार असे दिसले की २ टक्के युरिया आणि २ टक्के पोटॅश, म्हणजे १०० लिटर पाण्यात प्रत्येकी २ किलो, अशी फवारणी दर पंधरा-वीस दिवसांनी करावी. पानातून पाणी उडणे कमी व्हावे म्हणून ६ ते ८ टक्के केओलिनची फवारणी सांगितली आहे. पालाशची मात्रा चौथाईने वाढवावी. खालची वाळकी पाने काढून सरीत टाकावीत. या सगळ्या फवारण्या वारा पडलेला असताना, सकाळी अगर सांजेला कराव्यात.

खोडकिडीवर लक्ष ठेवा. उष्ण व कोरड्या हवेत पहिल्या चार महिन्यांच्या उसाला ही कीड धरते, पोंगा वाळतो आणि ओढला की सहज निघतो. बाळबांधणी करावी, पाचटाचे आच्छादन ठेवावे, ट्रायकोग्रामा कार्ड लावावीत. आणि मे-जूनमध्ये वळवाचा पाऊस झाला की हुमणीचे भुंगे सायंकाळी बाभळी-कडुनिंबावर येतात. ते सगळ्या गावाने मिळून गोळा केले तरच उपयोग होतो, एकट्या-दुकट्याच्या कामाने हुमणी हटत नाही.

गाळपास उभ्या असलेल्या उसाची काळजी

उशिरापर्यंत फडात राहिलेल्या उसाला हा वारा दुहेरी मार देतो. वजन घटते आणि साखरही कमी होते. २०२१-२२ च्या हंगामाची आठवण ताजी आहे. राज्यात सुमारे १३७ लाख टन साखर झाली, विक्रमी झाली, पण उभा ऊस संपता संपेना. काही कारखाने जूनपर्यंत चालले. मराठवाड्यात शेतकऱ्यांच्या डोळ्यांदेखत ऊस वाळला. अखेर १ मे २०२२ नंतर गाळलेल्या उसासाठी शासनाला उताऱ्यातल्या घटीपोटी टनामागे २०० रुपये अनुदान द्यावे लागले. मार्च-एप्रिलची झळ किती महाग पडते, याचा हा सरकारी पुरावा समजावा.

म्हणून नोंद वेळेवर आणि खरी द्या. लागणीची तारीख चार दिवस मागे-पुढे सांगून तोडणीचा नंबर पुढे ओढला तर दुसऱ्या कोणाचा तरी ऊस मेच्या उन्हात उभा राहतो. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडेल असे पाहावे. तोडून उन्हात पडलेली मोळी दर तासाला हलकी होते, हे काट्यावर कळते.

आणखी एक धोका आगीचा. दुपारचा सोसाट्याचा वारा, वाळलेले पाचट आणि फडावरून गेलेल्या सैल तारा. दोन तारा एकमेकींना लागल्या की ठिणगी पडते, आणि एकदा लागलेली आग बांध पाहत नाही. ज्यांच्या फडावरून तारा गेल्या आहेत त्यांनी तारा ओढून घेण्यासाठी वीज कार्यालयात आताच लेखी अर्ज करावा, त्याची पोच जपून ठेवावी. तारेखाली आठ-दहा फुटांचा पट्टा पाचट काढून मोकळा ठेवावा. दुपारच्या वाऱ्यात बांध पेटवू नयेत. बिडी पिणाऱ्याने थोटूक विझवून टाकावे, एवढे सांगायला संकोच कशाचा? आग लागलीच तर त्याच दिवशी गट ऑफिसला कळवावे, म्हणजे जळीत ऊस आधी उचलता येतो. जळलेल्या उसाचे वजन आणि साखर झपाट्याने उतरते.

कोयत्यावरची माणसे

या झळा सर्वांत जास्त सोसतात ती आपल्या फडात कोयता चालवणारी माणसे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड आणि बीडकडून येणारी ही कुटुंबे हंगामाच्या शेवटी मार्च-एप्रिलच्या उन्हात मोळ्या बांधतात. सोबत लहान मुले असतात. अंगावर सावली नसते. सभासदाने आपल्या फडाच्या कडेला पिण्याच्या पाण्याचा माठ किंवा टाकी भरून ठेवावी, झाडाची सावली नसेल तर ताडपत्री बांधून द्यावी. तोडणी पहाटे सुरू करून बारा ते चार विसावा द्यावा. कोणाला चक्कर आली, अंग तापून कोरडे पडले, बोलणे अडखळू लागले, तर तो उष्माघात समजावा. सावलीत घ्यावे, ओल्या कापडाने अंग पुसावे आणि तातडीने दवाखान्यात न्यावे. शुद्धीवर असेल तर मीठ-साखरेचे पाणी द्यावे, बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये. बैलांनाही तीच दया दाखवावी. भर दुपारी भरलेली गाडी चढावर हाणू नये.

सभासद बंधूंनो, वारा अडवणे कोणाच्याच हातात नाही. वरून किती पाणी सुटावे हेही आपण एकट्याने ठरवत नाही. पण सुटलेले पाणी सरीत किती दिवस टिकावे, हे बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी पाहिले त्यांना पाण्याचे मोल सांगावे लागत नाही. नव्या पिढीला ते हिशेबाने पटवून द्यावे लागेल. येत्या उन्हाळ्यासाठी प्रत्येक सभासदाने आपल्या घरी तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात: माझ्या विहिरीला मेअखेर किती तास पाणी टिकते, त्यावर किती एकर ऊस जगतो, आणि पाचट मी जाळतो की पसरतो. हा कागद घेऊन आपल्या गट ऑफिसात या. शेतकी अधिकारी तुमच्याबरोबर बसून पाण्याच्या पाळ्यांचे वेळापत्रक करून देतील. मार्चच्या पहिल्या आठवड्यापूर्वी हे काम उरकले तर आवर्तन चार दिवस लांबले तरी ऊस धीर धरेल.

— शेतकी विभाग